उत्तर नाही, मावशी

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण हे घडलं तेव्हा खोलीत तीन माणसं होती आणि तिघांनीही ते ऐकलं. रात्रही नव्हती. भर दुपार होती.

आमच्या भाऊजींना हौशी रेडिओचं भारी वेड. घड्याळदुरुस्तीचं दुकान बंद केलं की माडीवर सेट लावून देशोदेशीच्या अनोळखी लोकांशी गप्पा. ताई म्हणायची, "जगाशी बोलतात, घरात तेवढं मौन."

मग त्यांना अंगणात उंच टॉवर हवा झाला. त्याला ताण देणारी एक तार शेजारच्या मावशींच्या परसात रोवावी लागणार होती. मावशींची संमती नसेल तर पालिकेची परवानगी नाही.

मावशींनी एकच अट घातली. त्यांचा मुलगा जहाजावर वायरलेस सांभाळायचा. जहाज बुडालं, तो सापडलाच नाही.

"रोज त्याला एक हाक मार. आई वाट बघतेय, एवढंच सांग."

भाऊजी लगेच हो म्हणाले. अडला हरी!

हाक त्यांनी एकदाही मारली नाही. बुडालेल्या माणसाला बोलावताना रेडिओवरच्या मित्रांनी ऐकलं असतं तर हसं झालं असतं. मावशी रोज कुंपणापाशी विचारायच्या आणि भाऊजी बिनदिक्कत सांगायचे, "मारली. उत्तर नाही, मावशी."

शेवटी पालिकेचे एक इंजिनियर पाहणीला आले. त्यांना मावशींचा होकार समक्ष ऐकायचा होता. भाऊजींनी मावशींना हात धरून माडीवर आणलं. खोली नीटनेटकी दिसावी म्हणून सेटची विजेची वायर त्यांनी सकाळीच काढून गुंडाळून ठेवली होती.

"माझी कसली हरकत?" मावशी म्हणाल्या. "माझ्या लेकाला हा रोज हाक मारतो."

भाऊजी खिडकीबाहेर बघायला लागले.

तेवढ्यात...

सेट खरखरला.

मग एक तरुण आवाज आला. दमलेला... थंडीने कुडकुडणारा...

"आई, मी रोज ऐकत बसतो गं. हाक कुणी मारलीच नाही."

खरखर थांबली.

इंजिनियरांनी गुंडाळलेली वायर उचलून पाहिली आणि हळूच खाली ठेवली.

"एकदाही नाही?" मावशींनी विचारलं.

भाऊजींची मान वर होईना. मावशींनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं भाऊजी अजून म्हणतात. पण मावशी इंजिनियरांकडे वळल्या.

"लावू द्या त्याला टॉवर. आता तरी आवाज लांब जाईल ना?"

टॉवर उभा राहिला. आता भाऊजी रोज हाक मारतात, जगाने ऐकलं तरी. मावशी शेजारी बसतात. उत्तर येत नाही.

परवा मावशी हळूच म्हणाल्या, "एकदा ती वायर काढून बसूया का?"

भाऊजींनी वायरवर हात ठेवला. मावशींचा लेक या वेळी आणखी काय सांगेल...

"उद्या बसू, मावशी," ते म्हणाले.

मावशी रोज विचारतात. भाऊजी अजून तेच उत्तर देतात.