नावाची कोरी जागा

आमच्या आईले बीपीच्या गोळीचा भारी कंटाळा. मी दिवसभर ऑफिसात, ती ब्राह्मणपारा मोहल्ल्यातल्या घरात एकटी. गोळी चुकली की चक्कर, अन् डॉक्टरनं तोंडावर सांगितलं होतं, असंच चाललं तर एक दिवस जीवावर बेतेल. मी दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळणारा माणूस, अन् घरीच दिव्याखाली अंधार. म्हणून एका रविवारी जुन्या कॉम्प्युटरवर कंटेनर, म्हणजे प्रोग्राम चालवायची बंद पेटी, चढवला, स्पीकर जोडला. रोज चहाच्या वेळी मशीन बोलणार, "विनोदिनीबाई, गोळी घ्या."

आई खरंच गोळी घेऊ लागली. चेहऱ्यावर रंग आला. गोल बाजारातून नवी कढई आणून मले तांदळाच्या पिठाचा फरा करून घातला. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

मग सुटीच्या दिवशी मी स्वतः ऐकलं. नावच नव्हतं. आधी थोडी शांतता, अन् मग "गोळी घ्या". कंटेनरच्या सेटिंगची फाईल उघडली तर चूक माझीच. ही फाईल दोनदा वाचली जाते. आधी बाहेरचा प्रोग्राम वाचतो, डॉलरचं चिन्ह दिसलं की तिथं आपल्याजवळचं काही भरतो. उरलेलं मग कंटेनरच्या आतल्या शेलले, म्हणजे हुकूम पाळणाऱ्या प्रोग्रामले, मिळतं. नाव आत ठेवलं असेल तर डॉलर दोनदा लिहायचा, म्हणजे बाहेरचा त्याले हात लावत नाही. मी एकदाच लिहिला. बाहेरच्याजवळ नाव नव्हतं, त्यानं जागा कोरी सोडली.

आई म्हणे, राहू दे, तुझे बाबा असेच बोलावत. खरंच होतं. रेल्वेतल्या आमच्या बाबांनी जुन्या रीतीनं बायकोचं नाव जन्मात घेतलं नाही. खाकरले की आई हजर. मी कॉलेजात असताना ते गेले.

पण चूक ती चूक. मी डॉलर दोन केले.

दुसऱ्या दिवशी मशीन स्वच्छ नाव घेऊन बोलली. आईनं तोंड फिरवलं. कोण परकी बाई माझं नाव घेऊन राहिली, म्हणे. गोळ्या तशाच पडून राहिल्या. आठवडाही झाला नाही, तर शेजारच्या ममतादीदीचा ऑफिसात फोन आला, आई अंगणात पडली. तसाच उठून घरी आलो, तिले निजवलं अन् गुपचूप एक डॉलर पुसून टाकला. माय वाचली पाहिजे, फाईल गेली खड्ड्यात.

सकाळी ती कोरी जागा परत आली. त्या जागेत कोणीतरी खाकरलं.

मी फाईल पाहिली, स्पीकर बदलला. खाकरणं तेच. आई मात्र गोळी घेऊन गुणगुणत भाजी निवडत होती. मी शोधणं सोडलं. खरं सांगतो, मलेही बरं वाटू लागलं. घर भरल्यासारखं वाटे.

पुढं "घ्या"चं "घे" झालं. फाईलीत "घ्या"च होतं.

आज सकाळी आईनं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. काहून, विचारलं तर नुसती हसली.

चहा झाला. कोरी जागा आली, खाकरणं आलं. मी पाणी अन् गोळी घेऊन उठलो.

"गोळी राहू दे आता," स्पीकर बोलला. "चाल."

"हव," आई म्हणाली, अन् पायात चपला घालू लागली.