रिकाम्या बाकावरून आलेला नंबर

माणसाला नुसतं घाबरवायचं असतं, तर तो गोष्टीत स्वतःची चूक घालत नाही. माझ्या मावसबहिणीनं, कल्पितानं, ती घातली. म्हणून मी हे खरं मानतो.

गेल्या वर्षीचा फेब्रुवारी. सोमवार, दुपारचे तीन.

काशीद आणि मुरुडच्या मधली एक लहानशी पोलीस चौकी. मागे सुरूची झाडं, पलीकडे समुद्र. कल्पिता तिथे हवालदार होती.

समोर रितेश उभा होता. एका बंगल्यावरचा माळी. पाण्याचा पंप चोरल्याचा संशय.

कल्पितानं अटकेचा फॉर्म भरला. 'आरोपीस त्याचे हक्क समजावून सांगितले.' पुढे तिनं 'होय' लिहिलं.

सांगितलं काहीच नव्हतं. कुणीच सांगत नसे. साहेब म्हणायचे, "हक्क सांगत बसलो तर चोर घरी आणि आपण कोर्टात."

"सही कर," ती म्हणाली.

"बाय... काय लिवलंय ह्याच्यात?"

आवाज म्हाताऱ्याचा होता.

तिनं मान वर केली. रितेश पंचविशीचा. ओठ घट्ट मिटलेले.

"तू बोललास?"

"नाय मॅडम."

भिंतीलगतचा बाक रिकामा होता.

कल्पिताच्या हातातलं पेन थांबलं. हाच प्रश्न तिनं आधी ऐकला होता... त्याच बाकावरून.

दिवाळीनंतर अंबाजी नावाच्या म्हाताऱ्याला असंच संशयावरून आणलं होतं. त्यानं विचारलं, काय लिवलंय? ती म्हणाली, "आधी अंगठा लाव." मग तो सारखा सांगत राहिला, घरी कळवा, माझ्या गोळ्या घरी हायत. कुणी कळवलं नाही. त्याची बायको दोन दिवस एसटी स्टँड आणि दवाखाने धुंडाळत होती. तिसऱ्या दिवशी तो कोठडीतच वारला.

चौकशी झाली. फॉर्मवर 'होय' होतं. विषय मिटला.

आता बाहेर काहीतरी बदललं होतं. तिला आधी कळेना काय.

मग कळलं... समुद्राचा आवाज येत नव्हता.

सुरूची झाडं हलत होती, पण सळसळ नव्हती. पंखा फिरत होता, पण त्याचीही घरघर नव्हती.

तिनं फॉर्म उचलला. मान वर न करता बोलू लागली.

"तुला का धरलंय, ते तुला कळलंच पाहिजे. वकील मागता येतो. पैसे नसतील तर सरकार फुकट देतं. आणि घरी कळवता येतं... कुणाला कळवू?"

उत्तर आलं. एकेक आकडा. सावकाश, आठवून आठवून.

तिनं लिहून घेतला आणि फोन लावला. एका बाईनं उचलला.

"पोलीस चौकीतून बोलतेय. तुमच्या माणसाला इथं आणलंय."



"माझा मानूस दिवाळीमागं गेला, बाय. तुमच्याच चौकीत. आता कुनाला आनलंय?"

कल्पितानं फोन ठेवला. रितेश तिच्याकडे बघत होता.

"मॅडम... मी नंबर दिलाच नाय अजून."

त्याच क्षणी समुद्राचा आवाज परत आला.

रितेशच्या घरी तिनं स्वतः कळवलं. संध्याकाळी त्याची बहीण वकील घेऊन आली, दुसऱ्या दिवशी जामीन झाला. साहेब कल्पिताशी आठवडाभर बोलले नाहीत. महिन्यानं तिची बदली झाली.

जायच्या आधी ती अंबाजीच्या गावी गेली. त्याच्या बायकोला, गोदूला, तिनं सगळं सांगितलं. हक्क न सांगताच लिहिलेल्या 'होय'सकट.

गोदू भात पाखडत होती. सूप थांबलं नाही.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "इचारलं त्यांनी व्हतं. त्यांना सांगा."

कल्पिता आता दुसऱ्या ठाण्यात आहे. दुसरी खोली, दुसरा बाक. ज्याला आणतील त्याला ती सगळं वाचून दाखवते. लोक हसतात, ती वाचते. शेवटी विचारते, "समजलं का?"

आरोपी हो म्हणतो.

मग ती बाकाकडे बघून पुन्हा विचारते... आणि थांबते.

तिथून अजून 'हो' आलेलं नाही.