कुंदाचे ठसे

"वन्सं, साहेब यायच्या आत हा पसारा उचला! शी!"

उमाने पायानेच शाईचा पॅड सरकवला, आणि कुंदाने ठसे उमटवलेल्या ओल्या शुभेच्छापत्रांवर जांभळा ओघळ पसरला... आई गेल्यावर धाकट्या भावाला, शशिकांतला, वाढवण्यासाठी कुंदाने चित्रकलेचं शिक्षण सोडलं, आलेली स्थळं परतवली, आणि अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी झालेला तोच शशिकांत आज पेपरामागून म्हणाला, "अक्का, हा पोरखेळ साहेबांसमोर नको."

पोरखेळ! खोडरबर ब्लेडने कोरून घडवलेले ते मोर, त्या पणत्या! कुंदाच्या मनात दुःखापेक्षा तिटकाराच दाटून आला. शोकेसमधल्या प्लॅस्टिकच्या फुलांपलीकडे ज्यांना सौंदर्य दिसत नाही, त्यांच्यासाठी आपण आयुष्य वेचलं!

थोड्याच वेळात साहेब सपत्नीक आले. टीपॉयवर राहिलेलं एक कार्ड साहेबांच्या पत्नीने, कुमुदिनीबाईंनी, उचललं. "अगबाई, किती देखणं! कुणी केलं?"

"मीच!" उमा बोलून गेली.

चहाचा ट्रे घेऊन आलेली कुंदा दारातच थबकली. शशिकांतला सारं ठाऊक होतं. तो खाली मान घालून बसला. एका शब्दाने ती दोघांना उघडं पाडू शकली असती... तिने निमूट चहा दिला.

"मग रविवारी क्लबात आम्हाला शिकवा हं!" कुमुदिनीबाई म्हणाल्या.

रविवारी उमाने कुंदाला सामान धरायला नेलं. उमाचा पहिला ठसा फिसकटला, दुसरा उलटा उमटला. रुमालाआड हसू फुटलं.

"तुम्हीच केलं होतं ना ते कार्ड?" कुमुदिनीबाईंनी थंडपणे विचारलं.

उमा पुन्हा ठसा पॅडवर दाबू लागली. होऊ दे फजिती! कुंदाला क्षणभर क्रूर आनंद झाला... आणि लगेच स्वतःचीच किळस आली. ती पुढे झाली.

"पॅडमध्ये शाई जास्त झाली. मीच भरला होता. माझी चूक."

ते ऐकताच उमाचा बांध फुटला. "नाही हो! मी खोटं बोलले! ही कला माझ्या वन्संची आहे... आणि मी ती पायाने लोटली!"

संध्याकाळी उमानेच घरी सारं सांगितलं. शशिकांत कुंदाच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"अक्का, आमचा तिटकारा येत असेल ना गं?"

"येतो," कुंदा शांतपणे म्हणाली. "फार येतो. पण लोक तुम्हाला हसले की कळ माझ्याच काळजात उठते रे... त्याला मी काय करू?"

शशिकांत खाली बसला आणि तिच्या मांडीवर डोकं टेकून लहान पोरासारखा रडू लागला. कुंदाचा हात हवेतच घुटमळला... मग हळूच त्याच्या केसांवर विसावला.