पिठाच्या डब्यातला टॅब

मैत्री नावाच्या सुनेचं एक वागणं कस्तुराबाईंना शेवटपर्यंत पटलं नाही. ती उलट बोलायचीच नाही. काहीही सुनवा, पिठाच्या बोटानं कपाळावरचे केस मागं सारायची आणि भाकरी थापत राहायची. भिंतीशी भांडल्यासारखं व्हायचं.

तीन वर्षांपूर्वी तिचा टॅब हरवला. नर्सिंगचा सगळा अभ्यास त्यात. "मीच कुठंतरी ठेवला असेल," म्हणाली, आणि मैत्रिणीच्या वह्या आणायला पुनावळ्याला निघाली. हायवेवर ट्रकनं गाठलं.

टॅब घरातच होता. ज्वारीच्या पिठाच्या डब्यात, तळाशी. कस्तुराबाईंनीच दाबला होता. सासू अंगठा उठवणारी आणि सून वाचत बसते, हे त्यांच्या डोळ्यात खुपायचं. दहावं झाल्यावर त्यांनी तो ओल्या फडक्यानं पुसून माळ्यावर टाकला. कुणाला कळलं नाही.

परवा गुरुवारी चाकणच्या कंपनीला सुट्टी, म्हणून मैत्रीचा नवरा नागसेन माळा आवरायला चढला.

"आई, हा इथं कसा?"

"तिनंच ठिवला आसंल. धांदरटच हुती."

त्यानं टॅब लॅपटॉपला जोडला. बराच वेळ खटपट केली. "लॉक काही उघडत नाही. टॅब नव्यासारखा करायचं सॉफ्टवेअर टाकलंय. आता तिचं सगळं पुसावं लागेल."

"पूस बाबा," कस्तुराबाई घाईनं म्हणाल्या.

काळ्या स्क्रीनवर निळी पट्टी आली. पुसायचं असेल तर ती उजवीकडं सरकवायची. नागसेननं सरकवली. टोकाला गेली आणि सावकाश मागं आली. पुन्हा सरकवली. पुन्हा मागं आली.

"टच गेलाय वाटतं."

सुट्टीमुळं घराभोवतीची चिखलीतली वर्कशॉपं गप्प होती. पट्टी फिरली तिथं पांढरी रेघ राहिली होती. नागसेननं ती शर्टानं पुसली, मग नखानं खरवडली.

"जात नाही. काचेच्या आतून आहे." तो वाकला. "आई, हे पीठ आहे?"

ज्वारीचा वास आला. घरात ज्वारी आणून वर्ष झालं होतं.

नागसेननं हात मागं घेतला. रेघ थांबली नाही. बोटाएवढी रुंद, हळूहळू पुढं आली.

कस्तुराबाईंच्या पुढ्यातल्या काचेच्या कडेशी येऊन थांबली.

पोरगा त्यांच्याकडं बघत होता.

त्या काचेवर वाकल्या.

"मैत्री, टॅब तू न्हाई हरवलास. म्या पुरला डब्यात. पोराम्होरं सांगते, चोर मी हाय. पर गप ऱ्हायची तुझी खोड लई वाईट, बाई. आता तरी उलट बोल."