स्कॉरीलॉच्या माळावरचा तिसरा दिवस

एफी टर्नबुल गुरुवारी सकाळी गावच्या हॉलमध्ये पत्रकांच्या घड्या घालत बसली होती. ईस्टरची सुट्टी लागून सहा दिवस झाले होते आणि सहाही दिवस तिने घड्याच घातल्या होत्या. पत्रकावर लिहिलं होतं, 'स्कॉरीलॉचा माळ पक्ष्यांसाठी राखू या.' वर्षभर हे वाक्य वाचून वाचून तिला त्याचा अर्थच लागेनासा झाला होता.

माळ जमीनदारांचा. दीडशे वर्षं तिथे ऑगस्ट उजाडला की ग्राऊस पक्ष्यांची शिकार चालायची. आता जमीनदारांना तो विकायचा होता. गावाने तो घ्यावा, बंदुका थांबवाव्यात आणि तिथे अभयारण्य करावं, असं एफीच्या आईच्या मनात आलं. त्यानंतरची दोन वर्षं सभा, पत्रं, केक विकणं आणि सह्या गोळा करणं यात गेली. आई आता संध्याकाळी जेवता जेवता टेबलावरच डोळे मिटायची.

सगळं येऊन थांबलं होतं निसर्गनिधी या संस्थेपाशी. माळावर भोवत्या ससाण्यासारखे दुर्मीळ पक्षी आहेत असं पाहणीत दिसलं, तरच माळ विकत घ्यायला निधी पैसे देणार होता. त्या पाहणीसाठी मिस्टर पेनरोज नावाचे गृहस्थ शहरातून आले होते, आणि त्यांच्या नोंदीचा कागद कालच हॉलच्या फलकावर लागला होता. घड्या घालून बोटं दुखायला लागली म्हणून एफी उठली आणि तो वाचायला लागली.

'बुधवार. सकाळी सहा ते बारा. ओढ्यावरच्या लाकडी पुलावरून पलीकडे, मेंढपाळाच्या झोपडीपर्यंत चालत. भोवत्या ससाणा दिसला नाही. उल्लेखनीय काही नाही.'

तिने ते दोनदा वाचलं आणि धाकट्या भावाला हाक मारली. "डूगल, आपण वरच्या शेतावर पत्रकं टाकायला कधी गेलो होतो?"

"मंगळवारी. माझे बूट अजून ओले आहेत."

"आणि पूल?"

डूगलच्या हातातलं बिस्कीट तोंडापाशीच थांबलं. सोमवारच्या पुरात पूल वाहून गेला होता. त्या दोघांनी स्वतः पाहिलं होतं. काठावर दोन खांब आणि मधून कमरेएवढं गढूळ पाणी. मग बुधवारी पेनरोजसाहेब कशावरून पलीकडे गेले?

मोरॅग बीटीने उरलेलं कोडं सोडवून टाकलं. ती एफीच्याच वर्गातली, आणि तिच्या मावशीचं चहाचं दुकान होतं. बुधवारी सकाळी साडेनऊला तिने स्वतः पेनरोजसाहेबांना दोन स्कोन आणि मुरंबा नेऊन दिला होता. ते खिडकीशी बसून कागद भरत होते. "सारखे जांभया देत होते," ती म्हणाली. "मला वाटलं, माळावर जायच्या आधी चहा घेतायत."

संध्याकाळी एफीने आईला सगळं सांगितलं. आईने डोळे चोळले. मग म्हणाली, की कागद खोटा आहे असं ओरडून उपयोग नाही. गावाने पाहणी करणाऱ्याशी भांडण काढलं, तर निधीवाले पाठ फिरवतील. सोमवारी त्यांच्या मिसेस गॅलब्रेथ येऊन निर्णय सांगणार होत्या. "पक्षी नाहीत हे खरंही असेल, एफी. मी दोन वर्षांत एकही पाहिलेला नाही."

आई हे इतक्या थकलेल्या आवाजात म्हणाली, की एफीला तिच्याशी वादही घालवेना.

माळाची खडानखडा माहिती असलेला माणूस गावात एकच होता, मोरॅगचे आजोबा वॉट बीटी. चाळीस वर्षं ते जमीनदारांचे शिकार-राखणदार होते. ग्राऊस सांभाळायचे, हेदरची झुडपं जाळून नवी फुटवायची, आणि ग्राऊसची पिल्लं उचलणाऱ्यांना आवर घालायचा, हे त्यांचं काम. अभयारण्य झालं की राखणदाराचं काम संपणार होतं, म्हणून एफीच्या आईशी ते वर्षभर बोलले नव्हते.

शुक्रवारी तिघं त्यांच्याकडे गेली, तेव्हा ते गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवून बसले होते. मोरॅगने सगळं सांगितलं. त्यांनी ते ऐकून घेतलं आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

"तुझ्या आईची लढाई आहे ही. मी कशाला मदत करू?" त्यांनी एफीला विचारलं.

एफीला छान उत्तर सुचायला हवं होतं, पण ती फार दमली होती. "करू नका," ती म्हणाली. "फक्त पक्षी आहेत की नाहीत तेवढं सांगा. नसतील तर मी घरी जाऊन झोपते."

वॉट आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग पिशवी बाजूला ठेवली आणि बूट मागितले.

पाणी उतरलं होतं. वरच्या अंगाला, दगडांवरून ओढा ओलांडता येतो अशी एक जागा त्यांना ठाऊक होती. पलीकडे चढावर रचलेल्या दगडांची एक जुनी भिंत होती. तिच्या आडोशाला त्यांनी मुलांना बसवलं. पुढे जायचं नाही, उभं राहायचं नाही, बोलायचं नाही.

त्या दुपारी काही दिसलं नाही. शनिवारी सकाळी सहापासून पाऊस लागला. डूगलने वहीत दर अर्ध्या तासाने लिहिलं, 'काही नाही.' पुढे पुढे तो नुसतीच रेघ मारायला लागला. थर्मासमधला चहा संपला, ओटची बिस्किटं भिजून लगदा झाली. एफीच्या मनात आलं, की पेनरोजसाहेबांचं तरी काय चुकलं? अशा पावसात शहाणा माणूस चहाच्या दुकानातच बसेल.

"आजोबा, इथेच येतात हे तुम्हाला कसं माहीत?" मोरॅगने हळूच विचारलं.

आजोबांनी टोपीवरचं पाणी झटकलं.

"कारण मी इथेच त्यांना मारायचो," ते म्हणाले. "दर वसंतात, ग्राऊसची पिल्लं उचलतात म्हणून. कायद्याने बंदी आल्यावरही. वरून हुकूम यायचा, कागदावर कधीच नाही. मी विचारलं नाही. गेली तीन वर्षं बंदूक उचलली नाही, आणि तेही कुणाला सांगितलं नाही."

मोरॅगने मान खाली घातली. पाऊस पडतच राहिला. मग मोरॅगने आपल्या अंगावरच्या ताडपत्रीचं टोक सरकवून आजोबांच्या गुडघ्यांवर घातलं.

रविवारी पाऊस थांबला. एफीचे डोळे मिटत होते, एवढ्यात डूगलने तिचा दंड इतक्या जोरात दाबला की ती ओरडणारच होती. चढावरून भोवत्या ससाण्याचा राखाडी-पांढरा नर वर चढत होता, पंखांची टोकं शाईत बुडवल्यासारखी काळी. खूप उंच गेला आणि तिथून उलटासुलटा होत, कोसळल्यासारखा खाली आला. जमिनीला टेकणार तोच पुन्हा वर. खाली हेदरमधून तपकिरी मादी उठली. नराने पायातला उंदीर सोडला आणि तिने हवेत उताणी होऊन तो झेलला.

डूगलने वेळ लिहिली. आठ वाजून बारा मिनिटं.

मोरॅगने फोनवर फोटो काढला, पण त्यात नुसता एक ठिपका आला. "कोण मानेल हे?" ती म्हणाली. मुलांची वही आणि साहेबांचा कागद यांत लोक कागदच खरा धरणार, हे तिघांनाही माहीत होतं. परतीच्या वाटेवर ओढ्यापाशी थांबून एफी म्हणाली, "आपण त्यांना खोटं ठरवायचंच नाही. आपण त्यांना वाट विचारायची."

सोमवारी सकाळी हॉलमध्ये मिसेस गॅलब्रेथ आल्या. पेनरोजसाहेबांनी कागद पुढे ठेवला. एफी उठली आणि अगदी अदबीने म्हणाली, की शाळेच्या प्रकल्पासाठी आम्हाला पाहणी कशी करतात ते शिकायचंय. साहेब बुधवारी ज्या वाटेने गेले, ती दाखवतील का?

साहेब म्हणाले, वेळ नाही. पण मिसेस गॅलब्रेथनी आपले बूट गाडीतून मागवले होते. "मलाही पाय मोकळे करायचेत," त्या म्हणाल्या. "चला, पेनरोज."

वाटेत साहेब हळूहळू मागे पडत गेले. ओढ्याशी सगळे थांबले. दोन खांब, मधे पाणी.

"सोमवारच्या पुरात गेला," डूगल म्हणाला. "मागच्या सोमवारच्या."

मिसेस गॅलब्रेथनी कागद काढून वाचला आणि परत घडी घातली. पेनरोजसाहेब काठावरच्या दगडावर बसले. त्यांनी सबब सांगितली नाही. या वसंतात त्यांच्याकडे अकरा माळ होते, सहावा झाल्यावर पाय चालेनात, आणि इथे कधी कुणी पक्षी पाहिल्याचं ऐकलं नव्हतं, म्हणून लिहून टाकलं, एवढंच म्हणाले. एफीला त्यांचा राग यायला हवा होता, पण नीट येईना.

"पलीकडे जायला दुसरी वाट आहे," ती म्हणाली. "हळू चाललात तरी चालेल."

भिंतीशी वॉट आजोबा आधीच येऊन बसले होते. त्यांनी पाहुण्यांना हातानेच बसायची खूण केली. दीड तास गेला. मिसेस गॅलब्रेथ एकदाही घड्याळाकडे बघत नव्हत्या. मग नर चढावरून वर निघाला, आणि पेनरोजसाहेबांनी श्वास रोखल्याचं एफीला ऐकू आलं.

निर्णय पुढे ढकलला गेला. पाहणी पुन्हा झाली. या खेपेला पेनरोजसाहेब आठ दिवस माळावर राहिले, दोन जोड्या मोजल्या, आणि अहवालात डूगलच्या वहीचा तारखेसकट उल्लेख केला. जूनच्या शेवटी निधीचं पत्र आलं. माळ गावाचा होणार होता.

आईने पत्र वाचलं आणि पायरीवर बसली. नाचली नाही की रडली नाही. थोड्या वेळाने उठून एफीला म्हणाली, "चल. अजून एकाला सांगायचं राहिलंय."

वॉट आजोबांनी दार उघडलं, तेव्हा त्यांच्या मागे दोन खोकी भरून ठेवलेली दिसली. राखणदाराचं घर सोडावं लागणार, असं ते धरून चालले होते. आईने खोक्यांकडे पाहिलं आणि सांगितलं, की घर रिकामं करायला आम्ही आलेलो नाही. माळावर आता पक्षी राखणारा माणूस लागणार आहे. त्यांनी ते काम घ्यावं.

"मी काय केलंय ते हिने तुम्हाला सांगितलं असेल," ते म्हणाले.

आईने एफीकडे पाहिलं. एफीने कुणालाच सांगितलं नव्हतं. मग आजोबांनी उंबऱ्यात उभं राहून, टोपी हातात घेऊन, स्वतःच सगळं सांगितलं. आई ऐकत राहिली. शेवटी तिने इतकंच विचारलं, की त्या जागा त्यांच्याइतक्या आणखी कुणाला माहीत आहेत का. त्यांनी मान हलवली. कुणालाच नाही.

"मग तुम्हीच हवेत."

वॉट आजोबांनी टोपी डोक्यावर घातली. "एका अटीवर. माझे गुडघे गेलेत. वर्षभर ही तिघं मदतीला हवीत." आणि आईला म्हणाले, "माझ्या हाताखाली मोठमोठे गडी होऊन गेले, बाई. माळावर तीन दिवस गप्प बसणं त्यांतल्या एकालाही जमलं नाही. तुमच्या पोरीला जमलं."

एफीला काहीतरी बोलायचं होतं. पण ती त्यांच्या पायरीवर टेकली होती, ऊन पाठीवर येत होतं, आणि आई घराच्या डागडुजीबद्दल काही विचारत होती. त्याचं उत्तर यायच्या आत तिला झोप लागली. कुणी तिला उठवलं नाही.