काचेवरची वाफ

तुम्ही म्हणाल, असलं काही रात्रीच दिसतं. महिपतीला ते दुपारी दोन वाजता दिसलं, लख्ख उजेडात, चार माणसं समोर असताना. म्हणून नीट ऐका.

करोनाच्या दुसऱ्या लाटेचं वर्ष. पुण्यात वारज्याच्या पुढे, डोंगराच्या कडेला एक लहानसं मनोरुग्णालय होतं. महिपती तिथं तीस वर्षं वॉर्डातला मामा. शिक्षण चौथी. पण बिथरलेला पेशंट नुसत्या नजरेनं खाली बसवायचा. त्याचा त्याला ताठा होता.

करोना झालेल्या पेशंटांच्या वॉर्डात जायचं तर पांढरं किट घालावं लागे. डोक्यापासून पायापर्यंत पांढरं आणि तोंडासमोर प्लास्टिकची काच. कोण कुठला ते कळेना, म्हणून दुर्गाबाई आया प्रत्येकाच्या छातीवर मार्करनं नाव लिहायची. पाळी संपली की ही माणसं किटसकट महिपतीच्या टेबलापुढे रांगेनं उभी राहत. तिथं मोठ्या डॉक्टरांनी एक वही ठेवली होती. प्रत्येकाला विचारायचं, कसं वाटतंय. उत्तर ऐकायचं आणि मगच नावापुढे खूण करायची. कारण दुसऱ्यांची मनं सांभाळणारी ही माणसं आता स्वतःच खचायला लागली होती. चौदा-चौदा दिवस घर नाही, आईचा हात नाही, रोज कुणी ना कुणी गेल्याची बातमी.

महिपतीनं कधी कुणाला विचारलं नाही.

"ही काय विचारायची गोष्ट झाली? पायावर उभा आहे म्हणजे बराच आहे," तो म्हणायचा. चष्मा काढायचा, काचांवर तोंडाची वाफ सोडायचा, सदऱ्यानं पुसायचा आणि ओळीनं खुणा करत जायचा. सगळ्यात शेवटी स्वतःच्या नावापुढे.

मार्चमधल्या एका दुपारी सोनाली सिस्टर टेबलापुढून हललीच नाही. ही मुलगी मास्कला निलगिरीच्या तेलाचा थेंब लावायची, रबराचा वास सहन होत नाही म्हणून. खूण झाली तरी ती उभीच.

"काय गं?"

"काही नाही मामा. तुम्ही विचारता का, बघत होते."

"चल पुढं. मागं रांग आहे."

ती किट उतरवायच्या खोलीत गेली. तिथून जिवंत बाहेर आली नाही. वहीत तिच्या नावापुढची खूण तेव्हा नीट वाळलीही नसेल.

पोलीस येऊन गेले.  महिपतीचं जेवण सुटलं, झोप उडाली. खुणा मात्र चालू राहिल्या, पहिल्यासारख्याच, न विचारता.

महिन्याभरानं एका दुपारी पाळीला तीन माणसं होती. महिपतीनं मान खाली घालून तीन खुणा केल्या. तेवढ्यात निलगिरीचा वास आला.

चौथं किट टेबलापुढे उभं होतं. छातीवर नाव नव्हतं. बाकीच्यांच्या काचा आतून वाफेनं धुरकटलेल्या. या किटची काच कोरडी ठाक होती. तिच्यामागचे डोळे बघायचा महिपतीला धीर झाला नाही.

"दुर्गाबाई... या चौथ्याचं नाव राहिलंय."

"चौथा कोण? तिघंच तर आहेत. मामा, चष्म्याचा नंबर बदला. नाहीतर मी तुमचंच नाव एखाद्या पलंगावर लिहून येते."

त्यानं परत पाहिलं. तिघंच होते.

दुसऱ्या दिवशी ते किट रांगेच्या शेवटी नव्हतं. प्रज्ञेशच्या मागे उभं होतं, अगदी पाठीला लागून. प्रज्ञेश म्हणजे इथला समुपदेशक. स्वारगेटकडचा पोरगा, आईचा एकुलता एक. सकाळी पेशंटांशी बोलायचा, दुपारनंतर घाबरलेल्या लोकांचे फोन घ्यायचा. त्याची काच त्या दिवशी अर्धीच धुरकटली होती.

तिसऱ्या दिवशी त्या किटचा हातमोजा प्रज्ञेशच्या खांद्यावर होता. आणि प्रज्ञेशची काच... कोरडी. छाती वरखाली होत होती, श्वास चालू होता. काचेवर मात्र वाफेचा ठिपका नाही.

महिपतीचं पेन खुणेवर येऊन थांबलं. निलगिरीचा वास दाटला. तीस वर्षांत जे तोंडातून निघालं नव्हतं ते आता काढायचं होतं, नाहीतर हा पोरगा त्या खोलीत जाणार होता.

"साहेब... कसं वाटतंय?"

"टिक करा ना मामा, प्लीज. टायर्ड आहे."

"नाही करत."

"अहो, रोज तर करता!"

"आज नाही. आधी सांगा."

 महिपतीनं पेनाला टोपण लावलं. मग प्रज्ञेश हळू म्हणाला, "काहीच वाटत नाही मामा. फोनवर लोकांना सांगतो, जगा. ते सांगणारा कुणीतरी दुसराच असतो. आणि किट काढायच्या खोलीत गेलं, की... बाहेर यावंसं वाटत नाही."

महिपती उठला. त्यानं त्याचा दंड धरला, बिथरलेल्या पेशंटाचा धरायचा तसा घट्ट. "दुर्गाबाई, मोठ्या डॉक्टरांना बोलवा. पळा!"

प्रज्ञेश रडायला लागला. त्याची काच आतून पांढरी होत गेली. खांद्यावर आता कुणाचा हात नव्हता.

त्या खोलीत महिपती त्याच्याबरोबर आत गेला आणि त्याला घेऊनच बाहेर आला. डॉक्टरांनी त्याच दुपारी प्रज्ञेशचं काम थांबवलं, आईला बोलावून घेतलं, उपचार सुरू केले. पोरगा वाचला.

सगळे पांगल्यावर महिपती टेबलाशी परत आला. मन हलकं व्हायला हवं होतं. झालं नाही. जडही वाटत नव्हतं. त्यानं वही ओढली. शेवटचं नाव त्याचं स्वतःचं होतं.

दुर्गाबाई बादली घेऊन दारावरून चालली होती. "मामा, आज देवासारखे धावलात हो. तुम्ही बरे ना?"

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. ती हसत पुढे गेली. त्यानं खूण केली.

अक्षरं पुसट दिसत होती. त्यानं चष्मा काढला, तोंडाजवळ धरला आणि वाफ सोडली.

काच तशीच राहिली.

त्यानं पुन्हा सोडली, छातीतला सगळा श्वास काढून. काच कोरडी ठाक.

मागून निलगिरीचा वास आला.