निळी निशाणं

"वन्सं, आत येऊ का?"

दारात मोनाली उभी होती... आणि गौतमीच्या हातातलं ताट तसंच हातात राहिलं! आबा गेल्यापासून भावाच्या घरच्या कुणी या उंबऱ्याला पाय लावला नव्हता, आणि लावील ही आशाही तिने केव्हाच सोडून दिली होती. आज भावजय, जिला तिने आजवर फोटोतच पाहिलं होतं, शिरूरहून एसटीचे धक्के खात, काखेत एक भलंमोठं खोकं सांभाळत, दौंडच्या त्या पत्र्याच्या घरापुढे चोरासारखी इकडेतिकडे बघत उभी होती.

"ये की गं! इचारतीस काय? धम्मा... धम्मा बरा हाय ना?"

"बरे आहेत. कंपनीनं चेन्नईला पाठवलंय, महिनाभर तरी येत नाहीत. मी इथं आलेय हे त्यांना माहीत नाही."

मोनालीने खोकं खाली ठेवून उघडलं. आत बोटाच्या पेराएवढे राखाडी प्लॅस्टिकचे शिपाई खच्चून भरलेले. कुणाच्या हातात भाला, कुणाच्या ढाल, कुणाच्या खांद्यावर निशाण, आणि तोंडं सगळ्यांची मेल्यासारखी राखाडी. धम्मदीप ट्रेनिंगला जर्मनीला गेला होता, तिथून त्याने हा खेळ आणला होता. मेजावर दोन फौजा मांडायच्या आणि फासे टाकून लढायचं. तिकडे म्हणे शिपाई रंगवलेले मिळतच नाहीत. ज्याने त्याने आपापल्या घरी रंगवायचे.

"ह्यांनी चार-पाच रविवार प्रयत्न केला. हात थरथरतो, मग चिडतात. आता खोकं कपाटावर टाकलंय." मोनालीचा आवाज खाली आला. "वन्सं, तुम्ही रंगवा. त्यांना आवडले की मी सांगेन कुणी रंगवले ते. मग तरी त्यांचं मन वळेल. झोपेत 'ताये' म्हणून हाक मारतात हो! आणि जागेपणी तुमचं नाव काढलं की भरल्या ताटावरून उठतात..."

गौतमीने तोंड फिरवलं. डोळ्यांतलं पाणी भावजयीला दिसू नये म्हणून ती उगीच माठाकडे गेली.

दोघा भावंडांचे वडील पोपट, म्हणजे आबा, दौंड स्टेशनच्या मालधक्क्यावर हमाल होते. पोत्यांच्या ओझ्याने त्यांचा डावा खांदा कायमचा खाली गेला होता. आई लवकर गेली. धाकट्या धम्माला इंजिनीअर करायचं हे त्या बाप-लेकीने मिळून ठरवलं, आणि गौतमीने आपलं लग्न, आपलं शिक्षण, आपली हौस सगळं त्यापायी गुंडाळून ठेवलं. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत राहिली. धम्माची पुण्यात शेवटच्या वर्षाची परीक्षा सुरू झाली आणि इकडे आबांनी अंथरूण धरलं. जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांनी गौतमीचं मनगट घट्ट धरलं होतं. पलीकडे शेजारच्या कस्तुराबाई पदराने वारा घालत बसल्या होत्या.

"धम्माला कळवायचं न्हाई, पोरी. त्याचं पेपर हुंद्या. आन् म्या सांगितलं आसं बी कवा सांगू नगंस... पोरगं जलमभर माझ्यावर रुसंल. तू सोसशील. तू थोरली हायस."

तिने हो म्हटलं. चितेला अग्नी तिनेच दिला. शेवटचा पेपर देऊन हसत-हसत घरी आलेल्या भावाच्या पुढ्यात तिने अस्थींचं मडकं ठेवलं, तेव्हा त्याने फोडलेला हंबरडा आजही तिच्या कानांतून गेला नव्हता. "माझ्या बापाचं तोंड बी बघू दिलं न्हाईस! तू बहीण न्हाईस माझी, वैरीण हायस!" एक वाक्य बोलली असती तर सुटली असती. मेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडला म्हणून जाब विचारायला कोण येणार होतं? पण बापाच्या जागी आपणच रागाचे धनी होणं तिने पत्करलं... गौतमीच ती!

"ठेव खोकं," ती म्हणाली. "जमंल तसं करते."

जमंल तसं म्हणजे कसं, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं. आयुष्यात तिने रंगवलं होतं ते घराचं दार आणि अंगणवाडीच्या भिंतीवरचा आंबा, केळं. तिने दाराच्या ऑइल पेंटचा उरलेला डबा काढला, ब्रश बुडवला आणि एका निशाणवाल्याच्या तोंडाला फासला. नाक, डोळे, मिशी, सगळं त्या रंगात बुडालं! शिपायाचा नुसता गोळा झाला. घाबरून तिने तो वाटीभर थिनरमध्ये टाकला, रंग निघेल म्हणून. आणि अंगणवाडीतून परत येऊन बघते तर गडी मेणासारखा मऊ पडलेला. वर काढून सरळ करायला गेली तर डावा खांदा खाली लोंबला, तो लोंबलाच. परक्या देशातून आणलेली भावाची वस्तू पहिल्याच दिवशी नासवली! ती भिंतीला टेकून रडत बसली.

"अगं, बाहुलीसाठी रडतीस व्हय?" कस्तुराबाई दारातून म्हणाल्या.

"बाहुली न्हाई ओ काकू, माझ्या भावाची हाय."

पण रडून भागणारं नव्हतं. खेळासोबत चित्रांचा एक कागद होता. मूळ कागद रंगात खराब झाला तर धम्मा चिडेल म्हणून मोनालीने त्याची झेरॉक्स आणली होती. इंग्रजी गौतमीला कळेना, पण चित्रं कळत होती. शिपाई आधी साबणाच्या पाण्यात धुवायचा. बाटलीच्या बुचावर चिकटवायचा, म्हणजे बोट न लावता फिरवता येतो. मग पांढऱ्याचा पातळ हात. दुकानातून तिने कापडावर रंगवायचे रंग आणले, पाणी घालून ताकासारखे पातळ केले. पहिला हात इतका फिका बसायचा की वाटावं फुकट गेला. तिची घाई व्हायची, ओल्यावरच दुसरा द्यायची आणि पहिलाही उचकटून यायचा. हळूहळू तिला वाळू द्यायला जमलं. तपकिरी पाणी अंगावर सोडलं की ते चुण्यांत जाऊन बसतं आणि अंगरखा खरा वाटतो, हे एकदा चुकून सांडल्यावर कळलं. ब्रश फडक्याला पुसून-पुसून कोरडा करायचा आणि नुसता वरून फिरवायचा, की ढालीची कड उजळते. डोळे मात्र ब्रशने येईनात. कुणी तिरळा, कुणी दचकलेला! शेवटी तिने खराट्याची काडी तासून घेतली आणि श्वास रोखून तिच्या टोकाने एक-एक ठिपका ठेवला. त्या दिवशी एक शिपाई तिच्याकडे सरळ बघायला लागला, तेव्हा त्या एकाकी बाईचं अंतःकरण किती दिवसांनी आनंदाने भरून आलं!

रोज दुपारी खिडकीच्या उजेडात ती बसायची. रंगवताना शिपायांशी बोलायची. "हालू नगंस रं... लहानपणी धम्मा बी आसाच हालायचा, काजळ घालताना." कस्तुराबाई हसायच्या, पण त्याही मग रंगाची वाटी धरून बसू लागल्या.

निशाणं तिने शेवटी घेतली. झेरॉक्स काळी-पांढरी, कुठला रंग द्यायचा हे तिने विचारलंही नाही, कारण तसा प्रश्नच तिला पडला नाही. निशाण म्हटलं की निळं! चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तिने जन्मभर तेच तर पाहिलं होतं... पुढे निळं निशाण घेतलेले आबा, आणि त्यांच्या उजव्या, चांगल्या खांद्यावर बसून टाळ्या पिटणारा चिमुकला धम्मा. दोन्ही फौजांची निशाणं तिने एकाच मायेने निळी केली. तो नासलेला निशाणवालाही तिने टाकला नाही. सुईने खरवडून त्याचं तोंड मोकळं केलं, पांढरी मिशी काढली, सदरा पांढरा दिला. लोंबणारा खांदा तसाच ठेवला.

मोनाली येऊन खोकं घेऊन गेली. "वन्सं, आता बघाच तुम्ही!" म्हणाली. मग गौतमी रोज एसटीच्या आवाजाकडे कान लावून बसू लागली.

तो आला एका रविवारी, भर दुपारी. पाठोपाठ रडून डोळे सुजलेली मोनाली. धम्मदीप आत आला नाही. उंबऱ्याबाहेरूनच त्याने खोकं धाडकन ओसरीवर आपटलं.

"कुणी सांगितलं होतं माझ्या वस्तूंना हात लावायला? दोन्ही बाजूंना निळं निशाण! कंपनीतली माणसं जमली होती घरी. हसली सगळी! म्हणे, साहेब, लढायचं कुणी कुणाशी? दोघं तर एकाच गावचे दिसतात!"

गौतमीचा चेहरा पांढराफटक पडला. एवढ्या दिवसांचे कष्ट... आणि चूक इतकी साधी! "मला खरंच कळलं न्हाई रं," ती पुटपुटली.

"हिनं तोंड उघडायच्या आधीच मी ओळखलं कुणी रंगवलंय ते. निळं बघून! दुसरं कोण रंगवणार असं?" त्याचा आवाज चढता-चढता एकाएकी फाटला. त्याने शर्टाच्या खिशात हात घातला आणि तळव्यावर तो निशाणवाला पुढे धरला. "आन्... आन् ह्यो कोण हाय?"

गौतमी त्या लोंबलेल्या खांद्याकडे बघत राहिली.

"सांग ना, ताये! ह्यो कोण?"

"तुला ठावं हाय."

आणि तो साहेब, तो मोठ्या कंपनीतला इंजिनीअर, दारातच मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा हुंदके देऊ लागला. "आबा... माझं आबा! आसंच चालायचं गं मिरवणुकीत! शेवटी मला का न्हाई बोलावलंस? एकदा डोळं भरून बघितलं असतं... का केलंस तू आसं?"

कस्तुराबाई आपल्या दारात उभ्या होत्या. त्यांना राहवेना. "आरं लेकरा, तिला काय इचारतूस? तुझ्या बापानंच तर..."

"काकू!" गौतमी कधी नव्हे ती ओरडली. "तुमचं दूध उतू चाललंय, बघा जाऊन!"

कस्तुराबाईंच्या घरात दूध नव्हतं. त्यांनी गौतमीच्या डोळ्यांकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि त्या मुकाट्याने आत गेल्या.

गौतमी भावाजवळ बसली. सांगून टाकावं का? एका वाक्याचं काम! जिवाची नुसती तगमग झाली... पण त्याच्या तळव्यावर आबा उभे होते, आणि तो त्यांच्याकडे असा बघत होता की त्या दोघांच्या मध्ये यायला तिचं मन धजेना.

"माझंच चुकलं, धम्मा," ती म्हणाली. "मीच ठरवलं. तुझं पेपर बुडतील म्हणून."

तो बाहीने डोळे पुसून उठला आणि चपला काढून आत आला. इतक्या वर्षांनी त्या घरात त्याचं ताट मांडलं गेलं. भाकरी, पिठलं, आणि मोनालीने घाईघाईने कापलेला कांदा. तो दुसऱ्यांदा वाढ म्हणाला, तेव्हा गौतमीला वाटलं, आपण भरून पावलो!

जेवण झाल्यावर त्याने खोकं उघडलं. "एका बाजूची निशाणं तांबडी करून दे, ताये. खेळता तर आलं पाहिजे. आबांचं मात्र निळंच राहू दे."

ती खिडकीपाशी बसली, रंग पातळ केला आणि पहिला हात दिला.

"खालचं निळं दिसतंय," तो वाकून म्हणाला.

"पहिल्या हाताला दिसायचंच. वाळलं की दुसरा देते."

तो तिच्याजवळ भिंतीला टेकून बसला, अगदी लहानपणी बसायचा तसा. "ताये, आता माझ्या मनात काही राहिलं नाही. मी माफ केलं तुला." मग आबांना खिडकीच्या पट्टीवर नीट उभं करत तो हळूच म्हणाला, "आज आबा असते ना, तर त्यांनी बी तुला माफ केलं असतं."

गौतमीचा हात थांबला. ब्रशच्या टोकाशी तांबडा थेंब जमला. तिने तो फडक्याला पुसला.

"व्हय रं," ती म्हणाली. "केलं असतं."

आणि तिने पुढचं निशाण हातात घेतलं.